भिंतीवरचे इंधन

जबलपूरच्या नेपियर टाउन भागातील ज्या नऊ मजली इमारतीत मी निवृत्तीनंतर राहतो, तिच्या दर्शनी भिंतीवर चंदेरी पत्र्यांचे आवरण आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक पत्रा सुटून वाहनतळात पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. मी तो उचलून पाहिला. सगळी मिळून जाडी चार मिलिमीटर. दोन्ही बाजूंना कागदासारखे पातळ ॲल्युमिनियम आणि मध्ये काळसर प्लास्टिकचा थर. बाजारात हिला एसीपी शीट म्हणतात. दुकानांच्या पाट्यांपासून रुग्णालयांच्या दर्शनी भागांपर्यंत आज ती सर्वत्र दिसते. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी एकच प्रश्न विचारला: या पत्र्याच्या गाभ्यात नेमके काय आहे, हे सांगणारा कागद कोणाकडे आहे? मंजुरीच्या संचिकेत नकाशे होते, पंपाची क्षमता होती, अग्निशामक नळकांड्यांची संख्या होती. भिंतीवर काय लावले, याविषयी एक ओळही नव्हती.

हा कागद महत्त्वाचा आहे, कारण दिसायला सारखे असलेले दोन पत्रे आगीत अगदी भिन्न वागतात. गाभा बहुतांशी खनिजांचा असेल, तर तो आगीला फारसे खाद्य देत नाही. गाभा साध्या पॉलिइथिलीनचा असेल, तर आपण भिंतीवर घट्ट केलेले पेट्रोलियम टांगलेले असते. पत्रा आणि भिंत यांच्यामधली पोकळी मग धुराड्याचे काम करते. १४ जून २०१७ च्या पहाटे लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली आणि बाहेरच्या आवरणावरून अर्ध्या तासाच्या आत ती माथ्यापर्यंत पोहोचली. ७२ माणसे गेली. ते आवरण जुने नव्हते; इमारत उबदार आणि देखणी व्हावी म्हणून जेमतेम वर्षभरापूर्वी पूर्ण झालेल्या नूतनीकरणात ते बसवले होते. न्या. मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. हे सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

‘मग काढून टाका ते पत्रे,’ असे आमच्या सभेत एका गृहस्थांनी सहज सांगून टाकले. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. रिकामी इमारत सोलणे सोपे असते. इथे ३६ कुटुंबे राहतात. त्यांत अंथरुणाला खिळलेले दोघे आहेत आणि पाळण्यातली मुलेही आहेत. परांची उभी राहिली की खिडक्या झाकल्या जातात, वायुवीजन तुटते आणि अग्निशमन दलाची शिडी जिथे टेकायची ती जागा अडते. जबलपूरच्या उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीला कूलर लटकलेला असतो आणि त्याच्या वाळलेल्या ताट्या ठिणगीची वाटच पाहत असतात. काम पावसाळ्यापर्यंत लांबले, तर उघड्या भिंतीत पाणी मुरते. म्हणून हे काम एकेक पट्टा करून करावे लागते. आज जेवढे उघडले तेवढे बंद केल्याशिवाय पुढचा पट्टा सोलायचा नाही, इमारतीवर वेल्डिंग आणि गॅसकटर चालवायचे नाहीत, जिना आणि पाण्याचा उभा नळ एक दिवसही बंद ठेवायचा नाही. ब्रिटनमध्ये असे आवरण निघेपर्यंत अनेक इमारतींत रात्रंदिवस मजल्यामजल्यांवर फिरणारे पहारेकरी नेमावे लागले. त्यांचा खर्च इतका वाढत गेला की पहाऱ्याऐवजी धोक्याची घंटा बसवण्यासाठी सरकारला वेगळा निधी काढावा लागला.

ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल, तर हाँगकाँगकडे पाहावे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ताय पो येथील वांग फुक कोर्ट या वसाहतीत आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तिथे मूळ भिंतीवर ज्वलनशील पत्रे नव्हते. इमारतींची दुरुस्ती चालू होती. रहिवासी आत राहत होते, बाहेर बांबूची परांची आणि जाळी होती आणि खिडक्यांवर फोमचे तक्ते बसवले होते. आग या तात्पुरत्या कवचावरून पसरली. घंटा वाजल्याच नाहीत, असे वाचलेल्या अनेकांनी सांगितले. आपल्याकडे प्रत्येक रंगकामाला परांचीभोवती जी हिरवी जाळी गुंडाळतात, ती आगीत कशी वागेल हे कोणत्या मंजुरीत विचारले जाते?

नोकरीत असताना मीही प्रमाणपत्र पाहूनच समाधान मानत आलो, हे कबूल केले पाहिजे. अग्निशमन ना-हरकत मिळाली की आमच्या लेखी इमारत सुरक्षित. १ ऑगस्ट २०२२ रोजी याच शहरात एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. आत-बाहेर करण्याचा मार्ग एकच होता आणि आग त्याच्याच तोंडाशी होती. त्यानंतर सर्वत्र तपासण्या झाल्या. प्रमाणपत्रांची मुदत आणि नळकांड्यांच्या तारखा पाहिल्या गेल्या. हे आवश्यकच होते. पण तपासनीस इमारतीत शिरतो तो ज्या भिंतीखालून, तिच्याकडे मान वर करून पाहण्याची सवय आपल्या व्यवस्थेला अजून लागलेली नाही. मुंबईने याची किंमत आधीच मोजली आहे. जुलै २०१४ मध्ये अंधेरीतील २२ मजली लोटस बिझनेस पार्क या काचेने मढवलेल्या इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाचा एक जवान गमावला गेला. बंद काचांमुळे धूर आणि उष्णता आत कोंडते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे विशेष आश्चर्य वाटते. लंडन १६६६ साली जळाले आणि पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला. त्या कायद्याचा भर घरे विटा-दगडांची असावीत यावर होता; तो भिंतीविषयी बोलत होता. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या किल्ल्यातील दाट वस्तीचा मोठा भाग जळाला, तेव्हाही किल्ल्याबाहेर मोकळी वस्ती वसवण्याचा विचार पुढे आला. म्हणजे जुने राज्यकर्ते आधी विचारत की घर कशाचे आहे आणि शेजारचे घर किती जवळ आहे. आपण विचारतो की बंब किती आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आखली. ती स्वागतार्हच आहे. पण त्या पैशातून शिड्या आणि गाड्या येतील. भिंतीवरचे इंधन तिथेच राहील.

कायद्याची रचनाही अशीच विस्कळीत आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये १५ मीटर व त्याहून उंच इमारतींसाठी अग्निसुरक्षेच्या तपशीलवार तरतुदी आहेत, परंतु संहिता ही शिफारस आहे. राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतली तेवढीच ती बंधनकारक. इमारत बांधून झाल्यानंतर, पाच-दहा वर्षांनी, देखणेपणासाठी चढवलेले आवरण तर बहुधा कोणत्याच चाळणीतून जात नाही.

आणि पैसे? इथेच ब्रिटनची कहाणी आपल्याला सर्वाधिक उपयोगी आहे, कारण तिथले सरकारही अनेक वर्षे चुकत राहिले. प्रारंभी सदनिकाधारकांनाच लाखो रुपयांच्या तोडीची बिले आली. घरे विकता येईनात, कारण बँका कर्ज देईनात. २०२१ पर्यंत सरकारला ५ अब्ज पौंडांहून अधिक निधी जाहीर करावा लागला आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने जुन्या सदोष घरांबद्दल दावा करण्याची मुदत मागील ३० वर्षांपर्यंत नेली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये ६० कोटी डॉलरची तरतूद करून या एकाच कामासाठी वेगळी यंत्रणा उभारली. आपल्या रेरा कायद्यात बांधकामातील दोषाची जबाबदारी विकासकावर ताबा दिल्यापासून पाच वर्षे असते. आवरणाचा दोष पाच वर्षांत दिसत नाही. तो आगीच्या रात्री दिसतो. आमच्या इमारतीची ती मुदत केव्हाच उलटली आहे. मध्य प्रदेशच्या २००० सालच्या प्रकोष्ठ स्वामित्व कायद्यानुसार बाहेरची भिंत सर्वांची सामाईक, म्हणून खर्चही सर्वांचा. तळमजल्यावरचे दुकानदार विचारतात, आम्ही नवव्या मजल्याच्या पत्र्यांचे पैसे का द्यावेत? प्रश्न चूक आहे असे नाही. खालून पेटलेली आग वर जाते, एवढेच त्यांना सांगता येते.

माझ्या मते सरकारने सुरुवात मोजणीपासून करावी. उंच निवासी इमारती आणि रुग्णालयांच्या आवरणाचा नमुना तपासून त्याची नोंद मालमत्ता कराच्या खात्यालाच जोडावी. म्हणजे घर विकत घेणाऱ्यालाही ती दिसेल. पॉलिइथिलीन गाभ्याचा पत्रा उंच इमारतींवर नव्याने लावण्यास तर आजच बंदी घालता येईल. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. काढण्याच्या कामाला दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज मिळावे आणि ज्या इमारतींना एकच जिना आहे त्यांचा क्रम पहिला असावा. परांचीसाठी वेगळा परवाना असावा आणि त्यावर अग्निशमन अधिकाऱ्याची सही असावी. विक्रेत्यांकडून विरोध होईल, हे गृहीत धरलेले बरे. मोजणीलाच विरोध सोसायट्यांकडूनही होईल, कारण नोंद झाली की घराची किंमत उतरते. माझ्या शेजाऱ्यांनी हे मला स्पष्टच सांगितले.

२२ मे १९९७ च्या पहाटे या शहराने भूकंप अनुभवला. सुमारे ४० माणसे गेली. त्यानंतर काही वर्षे इथला प्रत्येक घर घेणारा खांबांची जाडी आणि सळयांचे माप विचारत असे. आमच्या सभेत शेवटी एवढेच ठरले की पडलेल्या पत्र्याचा हातभर तुकडा प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि अहवाल येईपर्यंत जिन्यातल्या सायकली, जुनी कपाटे व गाद्या हलवायच्या. तुकडा गेला आहे. सायकली हलल्या, तिसऱ्या मजल्यावरचे कपाट अजून तिथेच आहे.