आईचा गहू, दादाची द्राक्षं

या आठवड्यात निफाड पुन्हा पहिल्या पानावर आलं. कांदा सोडला तर आमच्या तालुक्याला हा मान थंडीच मिळवून देते. फोटोही ठरलेला: शेकोटी, भोवती कानटोपीतले चार म्हातारे, त्यातला एक कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. दर वर्षी तोच फोटो छापतात असा माझा जुना संशय आहे. मफलरवर पूर्वी लिहिलेल्या एका लेखात तो मी बोलून दाखवला होता, पण संपादकांनी नेमकं तेच वाक्य कापलं.

पाऱ्याचा आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राहुरी कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. त्र्यंबक, तपोवन हे गव्हाचे वाण इथलेच. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आलं आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी घसरलं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. द्राक्षवाला तेवढा थांबत नाही. पारा दहाच्या खाली सरकला की मण्यांची फुगवण मंदावते आणि पाणी उतरलेले मणी तडकायची धास्ती लागते. गव्हाला मात्र याच थंडीत छान फुटवे येतात. म्हणजे द्राक्षवाल्यांची झोप उडवणारा थर्मामीटर टांगलाय गव्हाच्या दारात.

आमच्या घरातही हीच वाटणी. आईचा तुकडाभर गहू, मधे बांध, पलीकडे दादाची बाग. सकाळी आई म्हणते, "यंदा थंडी झकास पडली हो!" दादा चहा अर्धा ठेवून उठतो. वहिनी हुशार. थंडीबद्दल तिने आजवर बरं-वाईट काहीही म्हटलेलं नाही. ती कांद्याचा भाव काढते, मग मायलेक एक होऊन सरकारला धरतात.

दादा पहाटे ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट, तेवढीच मुळांना ऊब. थ्री फेज वीज रात्रीची असली की मध्यरात्रीच मोटार चालू करायला जावं लागतं. शेजारच्या उसात बिबट्या. त्यामुळे एका हातात बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन. बिबट्याला भजन सोसत नाही, अशी दादाची श्रद्धा आहे. त्यानंतर बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करायचा.

धुराला जळण लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या आईने मोळ्या बांधून गोठ्यामागे रचल्या होत्या, बंबासाठी. गेल्या आठवड्यात त्या एका रात्रीत बागेत गेल्या. सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा, बंब गार, आणि आई कमरेवर हात ठेवून.

"माझ्या मोळ्या कुठायत?"

"बागेत लावल्या."

"बागेला आंघोळ घातली का?"

"अगं, मणी तडकले असते."

"अन् मी तडकले तर?"

काड्या द्राक्षाच्याच, द्राक्षाच्याच कामी आल्या, असा दादाचा मुद्दा. बांधल्या कोणी, असा आईचा. मी मधे पडून गीझर सुचवला. आई म्हणाली, "लाईट धड असती तर तो रात्रीचा बागेत कशाला कडमडला असता?" यावर दादाने मान डोलावली.

बंबाचं पाणी ज्याने अंगावर घेतलंय त्याला गीझरचं कौतुक नसतं. त्या पाण्याला धुराचा वास असतो आणि ते कधीच हवं तेवढंच गरम नसतं. एक तर चटका, नाहीतर वैताग. नाशकात एका दिवाणखान्यात मी पितळी पॉलिश केलेला बंब पाहिला. त्यात मनी प्लांट लावला होता. यजमानीणबाई म्हणाल्या, "किती छान रस्टिक वाटतं ना!" मी पोहे खाल्ले आणि निघालो. आईला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग ती माणसं तापवतात कशात?"

सध्या तह झालाय. उरलेल्या मोळ्या आईच्या खोलीत, कडीकुलपात. दादा धुरासाठी उसाचं पाचट आणतो. पाचट भसकन जळून जातं, म्हणून तो रात्रभर फेऱ्या मारतो आणि सकाळी गव्हाकडे बघतही नाही.

बाग बघायला यायचंय, असं बऱ्याच वाचकांनी कळवलंय. जरूर या. फक्त येताना घरून आंघोळ करून या.