किल्लीचा जामीनदार

निवृत्त माणसाला घाई कसली, असे आपण म्हणतो. परंतु मोटार चालवू लागलो की मला घाई सुटते, ही कबुली आरंभीच दिलेली बरी. पुण्याच्या रविवार पेठेतून वाट काढताना तर संयमाची परीक्षाच असते. भर रस्त्यात टेम्पोतून माल उतरत असतो, दुकानांपुढे दुचाक्यांची दुहेरी रांग लागलेली असते आणि ‘दोन मिनिटांत आलोच’ असे सांगून गेलेला गृहस्थ वीस मिनिटांनी हातात पिशवी घेऊन परततो. सिग्नल हिरवा होण्यापूर्वीच मागचा हॉर्न वाजवू लागतो. या साऱ्यांविषयीच्या तक्रारींची एक खतावणी मी मनात जपून ठेवली आहे. तिच्या नावे बाजूस आजवर केवळ इतरांचीच नावे होती.

गेल्या महिन्यात एका दुपारी एकेरी मार्गावर उलट दिशेने एक स्कूटर अकस्मात समोर आली. मी करकचून ब्रेक दाबला. स्कूटरचे पुढचे चाक माझ्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबले. चालवणारा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असावा. डोक्यावर हेल्मेट नाही, पायांपाशी कापडाचा गठ्ठा.

मी काच खाली करून ओरडलो, तेव्हा तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, “सॉरी काका. पार्सल पोचवायचंय. ट्रान्सपोर्टवाला थांबत नाही हो.” आणि त्याच उलट दिशेने तो निघूनही गेला.

तिथून जवळच माझ्या एका जुन्या खातेदाराची पेढी आहे. अजून छाती धडधडत होती, म्हणून तेथे जाऊन बसलो. ‘जय जिनेंद्र’ झाले, पाणी आले, आणि मी पालकांच्या बेजबाबदारपणावर दहा मिनिटे व्याख्यान दिले. शेठजींनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग चहाचा कप पुढे सरकवीत म्हणाले, “साहेब, रागावू नका, पण तुमचा नातू परवा स्कूटरवरूनच आला होता आमच्याकडे. त्याला झाली का अठरा वर्षं?”

नातू अकरावीत आहे. चहा गोड होता, तरी घशाखाली उतरेना.

घरी येऊन मी नातवाला जाब विचारला. तो उद्धटपणे बोलला असता तर माझे काम सोपे झाले असते. तो केवळ म्हणाला, “आजोबा, तुमच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. किल्ली तुम्हीच दिलीत ना?”

खरेच, मीच दिली होती. ‘चार गल्ल्यांचे तर अंतर आहे,’ असेही वर म्हटले होते.

त्या रात्री मला बँकेतले दिवस आठवले. कर्ज थकले की जामीनदाराला नोटीस जात असे आणि तो बिचारा धावत येऊन म्हणत असे, “साहेब, मी फक्त सही केली होती.” तेव्हा मी त्याला भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२८ समजावून सांगत असे : करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आज मी स्वतः ‘फक्त किल्ली दिली होती’ असे म्हणत होतो. त्या वाक्यात आणि या वाक्यात फरक तो काय?

वाहनाच्या बाबतीत तर कायदा अधिक कठोर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ समाविष्ट झाले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याच्या संमतीनेच वाहन वापरले गेले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे त्यानेच सिद्ध करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय चालकाकडे परवाना नसेल, तर विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल होऊ शकते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो खरा, पण तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरताच. आपल्या दारात उभ्या असतात त्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या.

परंतु दंडाचा हिशेब हा मूळ हिशेब नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील दर १०० पैकी ४४ हून अधिक जण दुचाकीवरचे होते. आणि एवढी जोखीम आपण कशासाठी घेतो? सहा किलोमीटरचे अंतर ताशी ३० ऐवजी ४० किलोमीटर वेगाने कापले, तर तीन मिनिटे वाचतात. त्या वेगाने स्कूटर एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. मुलाला समोरचे संकट दिसून ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. तीन मिनिटांच्या व्याजासाठी मुद्दल पणाला लावण्याचा हा व्यवहार आपल्यापैकी कोणीही पेढीवर बसून मान्य करणार नाही.

तो उलट दिशेने आलेला मुलगाही हौसेने आला नव्हता. कोणीतरी मोठ्या माणसाने त्याच्या हाती गठ्ठा दिला होता, किल्ली दिली होती आणि वर घड्याळही दाखवले होते. माल बांधायला पेढीवर झालेला उशीर त्या पोराने रस्त्यावर भरून काढायचा, अशी ती अपेक्षा होती. म्हणून व्यापारी बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते : पार्सल अर्धा तास आधी बांधावे आणि ते परवानाधारक प्रौढ माणसाच्याच हाती द्यावे. मुलांनी दुकानात जरूर यावे. मापे शिकावीत, बिले लिहावीत, गिऱ्हाइकाशी बोलावे. रस्त्यावरची कामे अठराव्या वर्षापर्यंत थांबू शकतात.

आमच्या घरी स्कूटरची किल्ली आता माझ्या कपाटात असते. त्या संध्याकाळी मी नातवाजवळ चूक कबूल केली. नातवाची क्षमा मागताना प्रथम जीभ अडखळली, नंतर मात्र हलके वाटले. मनातल्या खतावणीत नावे बाजूस माझेही नाव लिहून टाकले. गेल्या आठवड्यात गोळ्या पुन्हा संपल्या, तेव्हा नातू सायकलवरून गेला. गोळी पंचवीस मिनिटे उशिरा घेतली. रक्तदाबाने काहीही तक्रार केली नाही.