'सेवा' नावाचा पडदा

मराठीतला 'सेवा' हा शब्द फार सोज्ज्वळ आहे, आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. ज्या कामाचे दाम द्यायचे नसतात त्याला आपण सेवा म्हणतो. ते काम करणारी बाई थकली की तिला त्यागमूर्ती म्हणतो. विशेषण दिले की जबाबदारी संपली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमली गेली. कागदोपत्री ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका. तिला वेतन नाही. कामागणिक मोबदला, आणि त्यात राज्याने घातलेली मानधनाची भर. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या. गौरवाने पोट भरत नाही आणि झोपही लागत नाही.

२०११ पासून नवजात बालकांसाठी गृहभेटींचा कार्यक्रम आशांकडे आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा भेटी, मोबदला २५० रुपये. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट होती : ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप असावेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही अट एखाद्या कवितेइतकी सावकाश वाचावी. पाच भेटी झाल्या आणि बाळ गेले, तर त्या पाच भेटींचे मोल शून्य. शिवाय आशा त्याच गावची, बहुधा तिथली सून. काम संपवून परतायला तिला दुसरे गाव नाही. त्या आईची गाठ उद्या त्याच आळीत पडणार असते.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या न निवारलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटले. म्हणजे दोष मनाच्या दुबळेपणात नव्हे, कामाच्या रचनेत शोधायचा. पण जिचे काम 'काम'च मानले जात नाही, तिची ही अवस्था कोणत्या रकान्यात नोंदवायची? अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणाऱ्या सुनेची गतही तीच. अशांसाठी ताणमुक्तीची शिबिरे भरवली जातात. प्राणायामाला विरोध नाही. परंतु ओझे तसेच ठेवून श्वास कसा घ्यावा हे शिकवणे म्हणजे उपचार नव्हे.

आपली कथनेही यातून सुटत नाहीत. रुग्णाला कथा मिळते, शुश्रूषा करणारीला विशेषण. 'देवराई' (२००४) हा चित्रपट लक्षात राहतो तो याच कारणाने, की त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषबरोबर त्याची बहीण सीनाही दमलेली, गोंधळलेली, माणूस म्हणून दिसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो : दाम लावले की माया आटेल. प्राध्यापकांना वेतन आयोग लागू झाला म्हणून त्यांचे साहित्यप्रेम आटले, असे कोणी म्हणत नाही. मग ही शंका फक्त बायकांच्या मायेबद्दलच का?

आशांना निश्चित वेतन आणि भरपगारी रजा हवी. बाळ वा रुग्ण दगावल्यावर चौकशीआधी त्यांचे ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस तालुक्यात हवा. घरी शुश्रूषा करणाऱ्यांना महिन्यातले काही दिवस पर्यायी हात हवा. मानसिक आरोग्याची भाषा इथून सुरू होते. एवढे झाल्यावर स्तोत्रे हवी तितकी लिहावीत. तोवर ती लिहिणाऱ्यांनी थोडे लाजावे.