बहुमताच्या दारी न्याय

लोकशाहीचे माहेरघर म्हणून ज्या स्वित्झर्लंडचा गौरव होतो, त्या देशातील स्त्रीला राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तो १९७१ साली! भारतीय राज्यघटनेने हा अधिकार १९५० सालीच स्त्रीपुरुष भेद न करता दिला होता. स्विस स्त्रीला तो मिळेपर्यंत आपल्या मायभगिनी चार सार्वत्रिक निवडणुकांत मतदान करून मोकळ्या झाल्या होत्या.

हा विलंब का व्हावा? तेथील स्त्रिया स्वस्थ बसल्या होत्या काय? मुळीच नाही. १९२९ सालीच सुमारे अडीच लाख सह्यांचे निवेदन सरकारला सादर झाले होते. ते दप्तरी पडून राहिले. खरी मेख होती ती घटनादुरुस्तीच्या रीतीत. त्यासाठी सार्वमत हवे, आणि सार्वमत देणारे मतदार केवळ पुरुष! ज्यांनी हक्क अडवून धरला, त्यांच्याच पुढे पदर पसरायचा, असा हा न्याय. १ फेब्रुवारी १९५९ रोजी दोनतृतीयांश मतदारांनी ही मागणी झिडकारली. तथापि त्याच दिवशी फ्रेंचभाषक व्हो प्रांताने आपल्यापुरता स्त्रियांना मताधिकार दिला. पाठोपाठ नशातेल व जिनिव्हा या प्रांतांनीही दिला. १ मार्च १९६९ रोजी हजारो स्त्रिया राजधानी बर्नमध्ये संसदेसमोर येऊन उभ्या ठाकल्या. अखेर ७ फेब्रुवारी १९७१ रोजी सुमारे तितक्याच मोठ्या बहुमताने पुरुषांनी होकार दिला.

यावरून कोणी म्हणेल, बहुमताचे मन वळेपर्यंत थांबावे, हेच शहाणपणाचे. हा युक्तिवाद फसवा आहे. ते मन आपोआप वळले नाही. स्त्रियांनी प्रश्न निजू दिला नाही, म्हणून वळले. आणि जेथे ते वळलेच नाही, तेथे काय झाले? आपेनझेल इनररोडेन या चिमुकल्या प्रांतातील पुरुषांनी प्रांतिक मताधिकार १९९० सालीही नाकारला, तेव्हा त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील समतेच्या कलमावर बोट ठेवून तो देवविला. मूलभूत हक्क ही बहुमताने घालावयाची भिक्षा नव्हे, हेच त्या निर्णयाचे सार.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ज्यांच्या इच्छेविरुद्ध सीमा आखली गेली, त्या आपणा सीमावासीयांना या इतिहासाचे मर्म वेगळे उलगडून सांगण्याची गरज नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पण न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून रस्त्यावरची व मतपेटीची जबाबदारी संपत नाही. स्विस भगिनींनी निवेदन, मोर्चा आणि न्यायासन यांपैकी एकही मार्ग सोडला नाही. आपणही सोडता कामा नये.