पिशवी नव्हे, गर्भाशय

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत एक वाक्य आता इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही विपरीत आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. "मागच्या साली तिची पिशवी काढली." दात काढला, चष्मा लागला, तसेच हे. गर्भाशयाला 'पिशवी' म्हटले की निम्मे काम होऊन जाते. पिशवी रिकामी झाली की फेकून द्यायची असते. दोन-तीन लेकरे झाली, कुटुंबनियोजन झाले, आता तिचा उपयोग काय? असा प्रश्न डॉक्टर विचारतो, नवरा विचारतो, सासू विचारते आणि शेवटी ती बाईही स्वतःला विचारू लागते. आमचा वाद शस्त्रक्रियेशी नाही. ती ज्या सवंगपणे सुचवली जाते आणि ज्या मुकाट्याने करून घेतली जाते, त्याच्याशी आहे.

या सवंगपणाचे उघडेवाघडे रूप महाराष्ट्राने २०१९ साली बीड जिल्ह्यात पाहिले. तेथील ९९ खाजगी रुग्णालयांत मागील तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. बीडच्या बायकांचीच शरीरे का नासली? शरीरे नासली नव्हती. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस पडून राहिले की खाडा लागतो आणि दंड कापला जातो. फडात ना संडास ना आडोसा. अशा ठिकाणी पाळी हा आजार ठरतो आणि शस्त्रक्रिया ही मजुरी वाचवण्याची युक्ती ठरते.

बीड आमच्यापासून दूर आहे, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. चाळीसगाव, साक्री, नंदुरबार या भागांतूनही दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही गुजरातेत बारडोलीकडे. आणि ज्यांनी कोयता कधी हाती धरला नाही, अशा कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, एवढेच काय पण नोकरदार घरांतल्या भगिनीही हेच वाक्य बोलतात.

तेव्हा प्रथम वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. गर्भाशयाचा कर्करोग, इतर उपायांना दाद न देणारा रक्तस्राव, अवयवांवर दाब आणणाऱ्या मोठ्या गाठी, फार खाली उतरलेले अंग, बाळंतपणातील न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी गर्भाशय काढणे योग्य असते. कित्येकदा त्यानेच प्राण वाचतो. पण अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते, त्यावर औषध आहे. कंबरदुखी बहुतेक वेळा श्रमाची व अशक्तपणाची असते. गर्भाशय गेले म्हणून ती जात नाही. पाळीत फार रक्त जात असेल, तर आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी आणि वय चाळिशीपुढे असल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे, हा क्रम आहे. त्यानंतर लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, संप्रेरकांच्या गोळ्या आणि तांबीसारखेच आत बसवायचे, पाच वर्षे वा अधिक काळ काम देणारे संप्रेरकाचे साधन असे उपाय आहेत. गाठ असेल तर पुष्कळदा गाठ तेवढी काढता येते. अंग थोडे उतरले असेल तर व्यायाम व आधाराची कडी यांनी निभावते. यांतले किती उपाय आमच्या बायकांना शस्त्रक्रियेआधी सांगितले जातात?

सांगितले जाते ते एकच: "नाही काढली तर कॅन्सर होईल." या वाक्याची आम्हांला चीड येते. कर्करोगाची शंका असेल तर तपासणी करावी. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर अभ्यास झाला. विषाणूची एकच चाचणी आणि वेळीच उपचार यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आले. भीती दाखवून निरोगी अवयव कापणे हा कर्करोगावरचा इलाज नव्हे.

आणि कापल्यावर पुढे काय? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला वा मूत्रवाहिनीला इजा हे धोके असतातच. तिशीतल्या बाईचे अंडाशयही सोबत काढले, तर ती एका रात्रीत पन्नाशीची होते. अंगाची आग, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढता धोका हे सारे तिच्या वाट्याला येते. अंडाशय राखले तरी काहींना पाळी जाण्याचा काळ लवकर गाठतो. ज्या मजुरीसाठी शस्त्रक्रिया केली, ती मजुरी करायलाच मग अंगात बळ उरत नाही.

काही डॉक्टर आम्हांला म्हणतात, "फादर, खेड्यातली बाई परत तपासणीला येत नाही. गोळ्यांचा खर्च परवडत नाही. एकदाच काय ते मोकळे केलेले बरे." या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण गरिबीवर अवयव कापणे हे उत्तर असेल, तर श्रीमंतांच्या लेकींनाही तेच का सुचवले जात नाही? धुळ्यात व जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दुसरे मत तेथे मिळू शकते. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यामुळे हे गाऱ्हाणे केवळ पाळकाचे राहिलेले नाही.

चर्चची शिकवण काय, असेही विचारले जाते. आईच्या जिवाला वा आरोग्याला खरा गंभीर धोका असेल, तर गर्भाशय काढण्यास चर्चने आडकाठी केलेली नाही. रोमच्या श्रद्धातत्त्व मंडळाने १९९३ साली हे स्पष्ट केले आहे. धोका नसताना, केवळ सोयीसाठी निरोगी अवयव काढणे ही मात्र वेगळी गोष्ट.

पण सर्व दोष डॉक्टर आणि मुकादमावर ढकलून आपण सुटत नाही. आपल्या ख्रिस्ती घरांतही विटाळ अजून पुरता गेलेला नाही. पाळी आली की बाईने तोंड लपवावे, "कटकट" एकदाची जावी, असे आपणही बोलतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या त्या स्त्रीची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात आहे. वैद्यांच्या दारी सर्वस्व खर्चून ती अधिकच खालावली होती. तिने चोरून स्पर्श केला, तेव्हा प्रभूने तिला झिडकारले नाही, तर सर्वांसमोर पुढे बोलावले, तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला मुली म्हणून हाक मारली. आपल्या घरांत तिचे म्हणणे ऐकून घेणारा कोण आहे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सही करण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीने, आणि तिच्यासोबत नवऱ्याने, विचारावे: आजाराचे नाव काय? कोणती तपासणी झाली? दुसरे कोणते उपाय करून पाहिले? अंडाशय राखणार की काढणार? ही उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि तातडीचा प्रसंग नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावीत. धर्मग्रामातील महिला मंडळांनी अशा भगिनीसोबत रुग्णालयात जाण्याचा पायंडा पाडावा. तिच्या गाडीभाड्याला दानपेटीतले चार पैसे खर्च झाले तर ते सत्कारणीच लागतील. आणि तिच्या आजारपणात दोन दिवस चूल नवऱ्याने पेटवली, तर कोणाचाही धर्म बुडणार नाही.