तान्ह्या बाळाचे पाणी कोण तपासणार?

भूजलातील नायट्रेटने देशात सर्वाधिक ग्रासलेल्या १५ जिल्ह्यांत आपला जळगाव असल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पिकांना ओतलेला युरिया, उकिरडे, शोषखड्डे यांतून ते विहिरीत झिरपते. वरच्या दुधावरच्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते, बाळ निळे पडते. अमळनेरच्या वस्तीतली आई बिचारी पाणी उकळते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाटते! हे तिला कोणी सांगितले?

न्यायालयात नुसती हळहळ चालत नाही, पुरावा लागतो. पुराव्याला अभ्यास लागतो आणि अभ्यासाला पैसा. कासरगोडच्या मुलांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. आमच्या तान्ह्यांचे रक्त कोण तपासणार?

बाळंतिणीचा भार बराचसा सरकारनेच उचलावा, ही बाजू बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात मांडली होती. तेव्हा ही भीक नव्हे. जिल्हा नियोजन समितीने रस्ते-कमानींआधी यासाठी निधी ठेवावा, आणि पाण्याचे नमुने घेताना वस्तीतला हातपंप वगळू नये.