तोंडी सौदा : माल विकला की काम दिले?

रावेर-यावलकडे केळी, चोपडा-धरणगावकडे कपाशी, शिरपूर-शिंदखेड्याकडे कपाशी आणि मका. पिके वेगळी, पण व्यवहाराची रीत एकच. व्यापारी बांधावर येतो, बाग फिरून पाहतो, भाव ठरतो, बयाणा हातात पडतो आणि झाला सौदा. कागद नाही, सही नाही. पुढे पैसे थकले की शेतकरी बंधू विचारतात, "साहेब, लिहिलेलं तर काहीच नाही, मग आमचा सौदा कायद्यात बसतो का?"

बसतो. भारतीय करार अधिनियम 1872 आणि मालविक्री अधिनियम 1930 हे दोन्ही कायदे तोंडी करार मानतात. या बाबतीत आपला कायदा बाहेरच्यांपेक्षा सोपा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत 500 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाचा सौदा कागदाशिवाय सहसा कोर्टात टिकत नाही, कामाच्या करारांना मात्र हा नियम सरसकट लागू नाही. इंग्लंडमध्येही 1954 पर्यंत दहा पौंडांवरच्या मालाला लेखी लागायचे. तिथे 1861 साली एक गंमतीचा खटला झाला. दाताच्या डॉक्टराने एका बाईसाठी कवळी तयार केली, बाई वारल्या आणि वारसांनी पैसे द्यायला नकार दिला. डॉक्टर म्हणाला, मी काम केले. कोर्ट म्हणाले, कवळी हा माल आहे आणि लेखी काही नाही. डॉक्टर हरला.

आपल्याकडे असा डॉक्टर तोंडी करारावरही दावा लावू शकला असता. तरी माल की काम हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. नुकसान कोणाच्या अंगावर, मुदत कुठून मोजायची, दाद कुठे मागायची, हे सगळे त्यावरच ठरते. आणि आपली बोली इथे घोटाळा करते. "बाग उक्ता दिला" असेही म्हणतात आणि "निंदणी उक्ती दिली" असेही म्हणतात. पहिला मालाचा सौदा आहे, दुसरा कामाचा. शब्द मात्र एकच.

आधी केळीचे पाहू. झाडावरची केळी माल कशी, असे काहींना वाटते. पण 1930 च्या कायद्याने उभे पीक मालातच धरले आहे, फक्त ते कापून न्यायचे ठरलेले पाहिजे. आता समजा, मे महिन्यात सौदा झाला, बयाणा मिळाला, कापणी आठ दिवसांनी ठरली आणि चौथ्या दिवशी वादळाने बाग आडवी केली. नुकसान कोणाचे? सर्वसाधारण नियम असा की मालकी ज्याची, जोखीम त्याची. क्विंटलचा भाव ठरला आहे, पण तयार घड निवडायचे, कापायचे आणि वजन करायचे बाकी आहे, तर मालकी सहसा अजून शेतकऱ्याकडेच असते. म्हणजे नुकसान त्याचे, आणि व्यापारी बयाणाही परत मागू शकतो. उलट, "हा अख्खा बाग एवढ्या रुपयांना, जसा आहे तसा, कापणी तुमची तुम्ही करा" असा उक्ता सौदा असेल तर मालकी सौद्याच्या क्षणीच व्यापाऱ्याकडे गेली असे म्हणायला चांगली जागा आहे. मग वादळ त्याच्या अंगावर. दोघांनी आपसात वेगळे ठरवले असेल तर आधी तेच पाहिले जाते. म्हणून भाव ठरवताना "कापणीपर्यंत वारा-वादळ कोणाचे?" हा एक प्रश्न चार माणसांसमक्ष विचारावा. व्यापाऱ्याला राग येईल, येऊ द्या.

तलाठी भाऊंनी (आता ग्राम महसूल अधिकारी) वादळाच्या पंचनाम्यात बागेचा सौदा झाला होता का आणि कापणी किती झाली होती, एवढ्या दोन ओळी घातल्या तर पुढे दोघांचेही भांडण निम्मे मिटते.

कापणीच्या टोळीचा मुद्दा लोक विसरतात. टोळी व्यापाऱ्याने आणली तर तिचे काम त्याच्यासाठी, घड आपटून काळे पडले तर तो नुकसानीचे पैसे कापू शकत नाही. टोळी शेतकऱ्याने लावली तर तिच्याशी शेतकऱ्याचा स्वतंत्र कामाचा करार झाला आणि व्यापाऱ्याला चांगला माल देण्याची जबाबदारी त्याच्यावरच राहिली. मजुरीचे पैसे कोण मोजतो यावरून हे बरेचदा कळते.

कापसात याहून मोठा धोका आहे. खेडा खरेदीत माल काट्यावर मोजला, भाव सांगितला, गाडी गेली, तर ती सरळ विक्री. गाडी गेल्यावर पैसे मागता येतात, माल परत मागता येत नाही. पण भाव पडलेला असला की काही बंधू कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात टाकतात आणि म्हणतात, "भाव नंतर पाहू." ही विक्री की ठेव? विक्री असेल तर भाव ठरला नसला तरी कायद्याप्रमाणे वाजवी किंमत मिळालीच पाहिजे, आणि गोदामाला आग लागली तरी व्यापाऱ्याचे देणे सुटत नाही. ठेव असेल तर कापूस शेतकऱ्याचा. व्यापाऱ्याने शहाण्या माणसासारखी काळजी घेतली असेल तर आगीचे नुकसान शेतकऱ्याचे. काटा पावतीवर "विकला" किंवा "ठेवला" एवढा एक शब्द नसेल तर आगीनंतर दोघेही आपापल्या सोयीचे बोलणार.

हाच कापूस जिनिंगमध्ये फक्त सरकी काढून घ्यायला दिला तर ती मजुरी झाली. मजुरी मिळेपर्यंत जिनवाला रुई अडवून धरू शकतो, कायद्याने त्याला तो हक्क दिला आहे. ट्रॅक्टरवाल्याला नांगरटीच्या पैशासाठी शेत अडवता येत नाही, हा बिचाऱ्याचा तोटा. सालदाराचा आखाजीला ठरणारा करार तर निव्वळ कामाचा.

मिश्र व्यवहारात बघायचे ते हे, की शेवटी हातात वस्तू पाहिजे होती की कसब. टिश्यू कल्चरची केळीची रोपे ऑर्डर देऊन वाढवून घेतली तरी ती मालच. कशासाठी हवीत हे सांगून, विकणाऱ्याच्या भरवशावर घेतली असतील तर रोपे त्या कामाला योग्य असलीच पाहिजेत, तोंडी हमी दिली नसली तरी. बोअरचे उलटे आहे. केसिंग पाइप हा माल, पण खोदाई हे काम. खोदणाऱ्याने नीट खोदले पाहिजे, पाणी लागेलच अशी हमी त्यात येत नाही. वेगळे ठरले नसेल तर कोरड्या बोअरच्याही फुटांचे पैसे द्यावे लागतात. ठिबकमध्ये नळ्यांची किंमत आणि बसवण्याची मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी, म्हणजे गळती कोणामुळे हे शोधता येते.

दाद मागण्याची जागाही वेगळी. बियाणे, रोपे विकत घेतली किंवा भाड्याने मळणी करून घेतली, तर शेतकरी ग्राहक म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकरी ग्राहकच आहे असे सांगितले. कंपनीसाठी बीजोत्पादन करणारेही त्यात आले. पण ज्याने केळी किंवा कापूस विकला तो विक्रेता झाला. त्याला ग्राहक आयोगाचे दार नाही, दिवाणी कोर्टाचे आहे. पोलिसांत गेलात तरी नुसते पैसे थकले म्हणून फसवणूक होत नाही, मुळापासूनच बुडवायचा इरादा दाखवावा लागतो.

दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षे. मालाच्या पैशाची मुदत माल दिल्याच्या दिवसापासून, उधारीची तारीख ठरली असेल तर ती उलटल्यापासून, आणि कामाच्या पैशाची काम झाल्यापासून. मध्ये व्यापाऱ्याने थोडे पैसे दिले तर मुदत नव्याने सुरू होते, पण त्याच्या हातचे किंवा सहीचे लिखाण लागते. नुसते "देतो, देतो" यावर मुदत वाढत नाही. भाव, वजन, तारीख असलेला व्हॉट्सॲपचा निरोप साक्ष अधिनियम 2023 प्रमाणे, सोबत ठराविक प्रमाणपत्र जोडून, पुराव्यात देता येतो. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तेव्हा सौदा झाला की त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला एक निरोप टाका आणि त्याचे "हो" येईपर्यंत मोबाइल बदलू नका.